तुमचा नम्र, मी नव्हे

भारताच्या सरन्यायाधीशांकडे टॅक्सीला पाचशे रुपये नव्हते. गोष्ट ऑगस्ट २०२४ ची. एक्सवर एका गृहस्थाला धनंजय चंद्रचूड यांच्या नावाने निरोप आला, की कॉलेजियमची तातडीची बैठक आहे, मी कनॉट प्लेसला अडकलोय, टॅक्सीपुरते पाचशे पाठवता का, कोर्टात पोचलो की परत करतो. निरोपाच्या शेपटीला ‘आयपॅडवरून पाठवले’ अशी नोंद. हातात आयपॅड आणि खिशात खडखडाट! सर्वोच्च न्यायालयातर्फे दिल्लीच्या सायबर पोलिसांकडे रीतसर तक्रार गेली आणि देशाने दोन दिवस हसून घेतले. चंद्रचूड घराणे मूळचे खेड तालुक्यातल्या कनेरसरचे. आपले खेड नव्हे, पुण्याकडचे. रत्नागिरीकरांनी उगाच नाते जोडत बसू नये.

हसणाऱ्यांना ठाऊक नव्हते, की त्याच महिन्यात लुधियानात दुसरे एक सर्वोच्च न्यायालय भरले होते. वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल, वय ८२. त्यांना व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाली, खटला उभा राहिला आणि न्यायासनावर पुन्हा सरन्यायाधीश चंद्रचूडच बसले. चेहरा दिसत नव्हता, आवाज येत होता आणि हातोडा आपटल्याची ठकठक. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा आपटतात ते फक्त हिंदी सिनेमात, पण अटकेतल्या माणसाला ते कुठून आठवायला? ओसवालांचे सात कोटी गेले. पुढे पोलिसांनी सव्वापाच कोटी परत मिळवले, हे त्यांचे नशीब.

म्हणजे एकाच महिन्यात, एकाच माणसाच्या नावाने, एकाने पाचशे मागितले आणि एकाने सात कोटी. पाचशेवाल्याची टिंगल झाली, सात कोटीवाल्याला पैसे मिळाले. भामट्यांच्या धंद्यातही छोट्या उद्योजकाला कोणी विचारत नाही.

रत्नागिरीचा भाव या दोन टोकांच्या मधला आहे. साधारण पंधरा-वीस हजारांच्या घरात. मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत कुणालाही थांबवून विचारा, ज्याच्या नावाने पैसे मागितले गेले असा एखादा माणूस त्याच्या ओळखीत निघतोच. आणि त्याची गोष्ट सांगताना सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर हळहळ असते तसा थोडा हेवाही असतो. कारण तोतया कुणाचाही निघत नाही. ज्याच्या शब्दावर चार माणसे पैसे काढतील त्याचाच निघतो. गावात अशी माणसे किती, याची पाहणी आजवर बँकांनीही केली नव्हती. ती या तोतयांनी फुकटात करून दिली. ‘माझे अकाउंट हॅक झाले आहे, माझ्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत’ हा मजकूर स्टेटसला लागला, की समजावे, गृहस्थ प्रतिष्ठित झाले. काही जणांचा तो मजकूर वर्षातून दोनदा लागतो. त्यांच्या नावाने खरोखर कोणी मागितले होते का, हे विचारणे सभ्यपणाचे नाही.

धंद्याला भांडवल लागत नाही. फोटो तुम्हीच टाकलेला, गणपतीत सोवळे नेसून आरतीचे तबक घेतलेला, म्हणजे पाहताक्षणी विश्वास बसावा असा. मित्रांची यादी तुम्हीच सताड उघडी ठेवलेली. तोच फोटो, तेच नाव घेऊन दुसरे खाते काढायचे आणि यादीतल्या सगळ्यांना नव्याने मैत्रीची विनंती धाडायची. ‘जुने बंद पडले असेल’ असे स्वतःशीच म्हणून निम्मे लोक ती स्वीकारतात. दोन दिवसांनी मेसेंजरवर ‘हाय’. मग ‘कसे आहात’. मग ‘गुगल पे आहे का?’ यात खाते हॅक वगैरे काही झालेले नसते. तुमचे घर फोडलेले नाही, शेजारी तसेच दुसरे बांधून दारावर तुमची पाटी लावली आहे. आणि यातली खरी कारागिरी वेगळीच. नवे खाते उघडले की तोतया सर्वांत आधी कुणाला ब्लॉक करत असेल, तर तुम्हाला. त्यामुळे सगळ्या गावाला दिसणारे तुम्ही फक्त तुम्हालाच दिसत नाही. स्वतःचे दर्शन घ्यायला शेजाऱ्याचा फोन मागावा लागतो.

व्हॉट्सॲपची रीत निराळी. तिथे खरेच घर फोडतात, पण किल्ली तुमच्याकडूनच मागून घेतात. ‘चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड आला असेल, पाठव ना.’ किंवा लग्नपत्रिका येते. कुणाच्या लग्नाची ते कळत नाही, कारण पत्रिका उघडत नाही, इन्स्टॉल होते. कोकणी माणूस पत्रिका न उघडता ठेवत नाही, पंगतीचा प्रश्न असतो. संध्याकाळपर्यंत तुमच्या फोनमधून तुमच्या मेहुणीला पैशांची विनंती गेलेली असते.

आता भाषेकडे वळू. ज्या काकांनी आयुष्यात हिंदी ऐकली ती दूरदर्शनवरच्या रामायणात, ते काका रात्री साडेदहाला ‘भाई अर्जंट जरूरत है, सुबह लौटा दूंगा’ असे लिहितात. वाचणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. उलट तोही हिंदीतच विचारतो, ‘कितना भेजू?’ दोघेही एकमेकांना पन्नास वर्षे ओळखतात. एकाच आळीत वाढले, एकाच मास्तरांचा मार खाल्ला. पण फोनवर मजकूर हिंदीत आला की आपली पहिली प्रतिक्रिया उत्तर हिंदीत देण्याची असते, संशयाची नाही. या सवयीवर स्वतंत्र सदर लिहिता येईल, ते पुढे कधीतरी.

याच नाटकाचा एक सरकारी प्रयोगही आहे. जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांच्या फोटोचे खाते तुम्हाला मैत्रीची विनंती पाठवते. तुम्ही कृतकृत्य होऊन ती स्वीकारता. मग साहेब कळवतात, की त्यांचा एक मित्र सीआरपीएफमध्ये आहे, अचानक बदली झाली आहे, सोफा, फ्रिज, एसी सगळे मातीमोल भावात काढतोय, घेणार का? देशभरच्या अधिकाऱ्यांच्या नावाने हा सोफा विकला गेला आहे. महाराष्ट्रातही अनेकांना ‘तो मी नव्हे’ असा खुलासा काढावा लागला. ज्या साहेबांच्या टेबलावरून आपला सातबारा सहा महिने हलत नाही, त्यांच्या मित्राचा सोफा उद्या दुपारी दारात येईल यावर माणसे विश्वास ठेवतात. त्याला आशावाद म्हणतात. साहेबांनी आपल्यालाच का विचारले, हा प्रश्न त्यात बसत नाही.

आणि हा विश्वास ठेवणारा माणूस कोण? मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगड्याच्या वाट्यासाठी वीस रुपयांवरून तीनदा मागे फिरणारा. सख्ख्या भावाने विहिरीच्या पंपासाठी पाच हजार मागितले तर ‘बघू, शिमग्यानंतर’ म्हणणारा. तोच माणूस अनोळखी नंबरवर पंधरा हजार पाठवून मोकळा होतो आणि वर ‘मिळाले का?’ असे काळजीने विचारतो.

पोलीस विचारतात, फोन का नाही केलात? बायको विचारते, बँक विचारते, शेजारी तर विचारतातच. कारण साधे आहे. फोन केला तर बोलावे लागते. काय झाले, कुठे आहेस, आई कशी आहे, मी येऊ का? चौकशी केली की माणूस खरोखर अडचणीत असण्याचा धोका असतो, मग पैशांबरोबर वेळही द्यावा लागतो. त्यापेक्षा पंधरा हजार परवडले. शिवाय ‘तूच ना रे?’ असे विचारले आणि तो तोच निघाला तर? जन्मभराची नाराजी. तोतया आपल्या तंत्रज्ञानाच्या अज्ञानावर जगतो असे सायबरवाले व्याख्यानांत सांगतात. मला ते पटत नाही. तो आपल्या भिडेवर जगतो, आणि त्याहून जास्त आपल्या सोयीवर. याच्या दाखल्यासाठी लांब जायला नको. रत्नदुर्गाचा चढ चढला तरी पुरे.

भगवतीच्या देवळाला जाताना किंवा दीपगृहाकडे सेल्फी काढताना कुणाच्या ध्यानात येत नाही, पण मराठेशाहीतला सगळ्यात मोठा आयडी-चोर रत्नागिरीच्या किल्ल्यात होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. सदाशिवरावभाऊ पडले, पण कुणी म्हणे पाहिले, कुणी म्हणे नाही. पत्नी पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही. एवढी मोठी जागा रिकामी राहिली, की अर्जदार येणारच. आला. बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण, नाव सुखनिधान. चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा, म्हणजे प्रोफाइल फोटो तयार. ‘मी भाऊ’ म्हणून तो उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत त्याची चौकशी झाली, बिंग फुटले आणि स्वारी कैदेत पडली. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर फिरत शेवटी रत्नागिरीला आली.

इथवर ही सामान्य फसवणुकीची गोष्ट. खरी गंमत पुढे. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे पोर आणि कारभार नाना फडणीस व बारभाईंकडे. राघोबादादा इंग्रजांच्या वळचणीला. नानांवर चिडलेली माणसे जागोजाग. अशा वेळी, १७७६ मध्ये, रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याला अचानक साक्षात्कार झाला, की आपल्या कोठडीत बसलेला हा माणूस खरोखरच भाऊसाहेब आहे! तपासून, चौकशी करून, कबुलीनिशी खोटा ठरलेला माणूस. पण त्याने दार उघडले आणि कैदी महाराष्ट्राचा धनी झाला. मग काय विचारता, कोकणातले किल्ले भराभर भाऊसाहेबांना ओळखू लागले. एकाने ओळखले म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने ओळखले म्हणून तिसऱ्याने. सोळा म्युच्युअल फ्रेंड्स आहेत म्हणजे माणूस खराच असणार, हा हिशेब तेव्हाही चालत होता.

त्या माणसाला ओळखणारे सगळे मूर्ख होते असे समजू नये. त्यातल्या कित्येकांनी हिशेब केला होता. भाऊ खरा असेल तर नाना घरी बसतील, आपली थकलेली येणी वसूल होतील, नव्या दरबारात पहिल्या रांगेत बसता येईल. माणूस खरा आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. खरा असला तर आपले काय होईल, हे विचारले. महिनोन्महिने हा कारभार चालला, लोण घाटापर्यंत गेले. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजा उतरल्या, भाऊसाहेब मुंबईकडे पळाले, वाटेत आंग्र्यांच्या हाती लागले आणि वर्षाअखेर पुण्यात देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी पुढे या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. ज्यांनी ज्यांनी भाऊसाहेबांना ओळखले होते त्यांनी नंतर काय स्टेटस ठेवले असेल, याची कल्पना करवत नाही. बहुधा ‘माझ्या नावाने कोणी मुजरा केला असल्यास’ असेच काहीतरी.

खोट्याला फौज फुकट मिळाली. खऱ्याचे काय झाले हेही याच गावाने पाहिले आहे. शंभरेक वर्षांनी, १८८६ मध्ये, इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा इथे आणून ठेवला. अस्सल राजा, त्यात शंकेला जागा नाही. सरकारनेच प्रमाणित केलेला. तो १९१६ पर्यंत, मरेपर्यंत, इथेच राहिला. आणि अस्सल असूनही जन्मभर पैशाच्या तंगीत. माणके विकली, कर्जे काढली, सरकारकडे अर्ज केले. त्याला कुणी ‘अर्जंट आहे ना, घ्या’ म्हटल्याची नोंद नाही. सावकारांनी व्याज लावले. खरा माणूस पैसे मागतो तेव्हा समोरचा तारण मागतो, हा इथला जुना दंडक आहे.

तोतयांच्या बाबतीत या जिल्ह्याने खरे तर देशाला शिकवायला हवे. सगळ्यात जास्त ओळख चोरली गेली आहे ती आपल्या हापूसची. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांबाहेरचा आंबा हापूस म्हणून विकता येत नाही, असे ठरले. तरी दर एप्रिलात कर्नाटकचा आंबा ‘रत्नागिरी हापूस’ छापलेल्या पेटीत बसून वाशीच्या बाजारात उतरतो. पेटी आपली, पेंढा आपला, फोटोसारखाच रंग. फक्त आत माणूस दुसरा. मुंबईचा चाकरमानी ती पेटी घेतो, घरी जाऊन कापतो आणि गावाला फोन करून ओरडतो, ‘यंदा आंब्याला चव नाही हो.’ बागायतदार बिचारा इकडे कलमाखाली बसून स्वतःच्या नावाची बदनामी ऐकतो. त्या आंब्यालाही स्टेटस ठेवता आले असते तर बरे झाले असते.

कायदा आहे का? आहे. उदंड आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड: संगणक वापरून दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९: तोतयेगिरीने फसवणूक, पाच वर्षांपर्यंत. सुखनिधानाचा निकाल पाहता शिक्षा बरीच उतरली आहे. शिवाय २०२१ च्या नियमांत असेही लिहिले गेले, की तुमचे सोंग घेतलेल्या खात्याची तुम्ही तक्रार केलीत, की कंपनीने चोवीस तासांत ते काढावे. फार सुंदर नियम आहे. तक्रार केली की कंपनी विचारते, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा, आधारकार्डाचा फोटो पाठवा. तोतयाकडे हे कुणी मागितलेले नसते. मग काही दिवसांनी उत्तर येते, की ‘सदर खात्यामुळे आमच्या मानकांचा भंग होत नाही’. मानके कुणाची ते त्यात दिलेले नसते.

पैशांचा माग काढावा तर तो भाड्याच्या खात्यांतून जातो. कुणातरी बेकार पोराने चार-पाच हजारांसाठी आपले बँकखाते, एटीएम, सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती दिलेले असते. पोलीस पोचतात ते त्या पोरापर्यंत. मागचा माणूस दुसऱ्या राज्यात, तिसऱ्या सिमवर, चौथ्या काकांच्या फोटोआड बसलेला असतो. २०२४ साली सायबर भामट्यांनी देशाचे २२,८४५ कोटी रुपये नेले, असा आकडा सरकारने संसदेत दिला. आधीच्या वर्षी तो ७,४६५ कोटी होता. वर्षात तिप्पट. अशी वाढ दाखवणारी दुसरी सरकारी आकडेवारी माझ्या पाहण्यात नाही.

१९३० हा नंबर मात्र पाठ ठेवा. गेलेले पैसे वाटेतल्या खात्यात असतानाच अडवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. लक्षात राहत नसेल तर मिठाच्या सत्याग्रहाचे साल आठवा. शिरोड्याचा सत्याग्रह त्याच साली झाला आणि शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. अडचण एवढीच, की फसलेला माणूस पहिल्या तासात फोन करत नाही. तो पहिला तास बायकोपासून लपवण्यात घालवतो.

जून २०२५ अखेरपासून आणखी एक सोय झाली. यूपीआयने पैसे पाठवताना ज्याच्या खात्यात ते जाणार त्याचे बँकेतले खरे नाव पडद्यावर यायलाच हवे, असा नियम आला. म्हणजे तुम्ही टिळक आळीतल्या जोशीकाकांना पाठवताय आणि पडद्यावर भलत्याच राज्यातल्या भलत्याच इसमाचे नाव झळकते. आता तरी माणूस थांबेल? नाही. तो विचार करतो, ‘काकांनी त्याच्याकडून घेतले असतील, परस्पर देतायत.’ तोतयाने जी थाप मारलेली नाही तीसुद्धा आपण त्याच्या वतीने रचून देतो. परांजप्यानेही मनात असेच काहीतरी जुळवले असणार.

पण या सगळ्यात ज्याची कुणी तक्रारच नोंदवत नाही असा एक माणूस आहे. खरा गरजू. कल्पना करा, तुमच्या वर्गमित्राच्या वडिलांना रात्री कोल्हापूरला हलवले आहे. आपल्याकडे मोठे दुखणे आले की माणूस आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो, नाहीतर मुंबई. अनामत भरायची आहे. फोनची बॅटरी चार टक्के. तो घाईने ग्रुपवर लिहितो, ‘दहा हजार हवेत, अर्जंट, उद्या देतो.’ आता उत्तरे पाहा. पहिला लिहितो, ‘हा हॅक झालाय, कुणी देऊ नका.’ दुसरा १९३० नंबर टाकतो. तिसरा हसण्याचे चित्र. चौथा ‘चोराच्या उलट्या बोंबा’ असे लिहून त्याला ग्रुपमधून काढतो, तो ॲडमिन असतो. पाचवा सायबर जागृतीचा व्हिडिओ पुढे ढकलतो. तो बिचारा लिफ्टपाशी उभा राहून फोन करत सुटतो आणि अनोळखी नंबर दिसल्यामुळे कुणी उचलत नाही, कारण त्याचा फोन बंद पडलाय आणि तो वॉर्डबॉयच्या फोनवरून बोलतोय.

आपण फार सावध झालो, हो. आधी खोट्याला देत होतो, आता खऱ्यालाही देत नाही. यात एकूण बचतच आहे.

सुखनिधानाला देहदंड झाल्यावर समजा खरे भाऊसाहेब पानिपताहून पंधरा वर्षे चालत पुण्याला आले असते, तर? शनिवारवाड्याच्या दारातच त्यांना धरले असते. ‘पुन्हा एक आला’ म्हणून. पार्वतीबाई सोडल्या तर ओळखायला कुणी पुढे आले नसते, कारण एकदा ओळखून हात भाजलेले. रवानगी बहुतेक रत्नागिरीलाच. खोली रिकामी होती.

आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला किती वेळ लागतो याचा एक लेखी दाखला बंगालमध्ये आहे. ढाक्याजवळच्या भवाल जमीनदारीचा मेला म्हणून समजलेला कुमार १९२१ मध्ये संन्याशाच्या वेशात परतला. तोतया की खरा, यावर कोर्टकज्जे झाले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अखेर त्याच्या बाजूने निकाल दिला तो १९४६ मध्ये. पंचवीस वर्षे! निकालानंतर काही दिवसांतच तो वारला. या मानाने ‘सदर खात्यामुळे मानकांचा भंग होत नाही’ हे उत्तर फारच चटकन येते.

म्हणून आता काही घरांनी खुणेचे प्रश्न ठरवले आहेत. पैसे मागणाऱ्याला आधी विचारायचे, ‘शाळेत आपल्या बाकावर तिसरा कोण बसायचा?’ खरा मित्र गडबडतो. साठी उलटली, कालची भाजी आठवत नाही. ‘अरे तो... चष्मा होता बघ, त्याचा बाप एसटीत होता...’ नापास. तोतया पटकन नाव सांगतो, कारण शाळेच्या मेळाव्यानंतर तुम्हीच जुना फोटो टाकून खाली सगळ्यांची नावे ओळीने लिहिली होतीत. तुमचा वाढदिवस त्याला ठाऊक, लग्नाचा वाढदिवस ठाऊक, कुत्र्याचे नाव ठाऊक, गेल्या मे महिन्यात तुम्ही गणपतीपुळ्याला कुठल्या हॉटेलात जेवलात तेही ठाऊक. तुमच्यावर एवढा अभ्यास तुमच्या सख्ख्या मित्राने कधी केलेला नाही. परीक्षा घेतली तर पहिला नंबर त्याचाच येणार.

त्यापेक्षा एक सोपी कसोटी आहे आणि ती या जिल्ह्यात तरी चुकत नाही. पैसे परत कधी देणार, एवढेच विचारा. ‘बघू रे, देतो ना, पळून जातोय का’ असे उत्तर आले तर बेलाशक पाठवा, माणूस आपलाच आहे. ‘उद्या सकाळी दहा वाजता नक्की’ असे आले, तर १९३०.